विद्यार्थी ड्युटीला 'फिट' दिसत नाही तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि विद्यार्थ्यांबरोबर वॉर्डात उभी राहते. खालचे प्रश्न नव्या ट्यूटरांनी, वॉर्डच्या सिस्टर इन्चार्जनी, काही पालकांनी आणि बऱ्याच विद्यार्थ्यांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या जीएनएम (नर्सिंगची पदविका) आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ ड्युटीला, धरून आहेत. एमबीबीएस इंटर्नसाठी प्रश्न १६ पाहा.

१. 'विद्यार्थी इम्पेअर्ड आहे' म्हणजे पिऊन आलाय, असंच ना?

नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. त्या घडीला रुग्णाला हात लावण्याइतकी त्याची शुद्ध, नजर, हात आणि डोकं ठिकाणावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. कारण दारू असेल, गांजा असेल, झोपेची गोळी असेल. सर्दीची साधी गोळी, तीन रात्रींचं जागरण, उतरलेली साखर, डेंग्यूचा ताप, फिट (आकडी) येऊन गेल्यानंतरची सुस्ती किंवा घरून आलेली वाईट बातमीही असेल. वॉर्डात आपण रोज म्हणतो तो शब्दच मला बरा वाटतो: 'ड्युटीला फिट नाही'. त्यात आरोप नाही. ट्यूटरने तेवढंच ठरवायचं. कशामुळे, ते डॉक्टर ठरवतील.

२. नुसता संशय आहे, खात्री नाही. तेवढ्यावर विद्यार्थ्याला बाजूला करू का?

करा. बाजूला करायला खात्री लागत नाही, दिसलेली गोष्ट लागते. 'मला काहीतरी वेगळं वाटलं' हे पुरेसं नाही. 'दोनदा सांगूनही तिने चुकीच्या बेडची फाइल उचलली' हे पुरेसं आहे. जीभ जड होणं, चालताना तोल जाणं, अँप्यूल फोडताना हात थरथरणं, डोळे लाल किंवा बाहुल्या अगदी टाचणीएवढ्या होणं, बोलता बोलता डुलकी लागणं, उगाच चिडणं किंवा उगाच हसणं, डोसचं साधं गणित न जमणं ही लक्षणं बघायची. यातलं एखादं असेल तर विद्यार्थ्याशी दोन मिनिटं बोला. दोन-तीन एकत्र असतील तर आधी हातातला ट्रे काढून घ्या, मग बोला.

जमलं तर दुसऱ्या कुणाला तरी, सिस्टर इन्चार्जला किंवा सोबतच्या ट्यूटरला, काही न सांगता त्याच्याकडे बघायला सांगा. 'त्या मुलाशी जरा बोलून या' एवढंच म्हणायचं. आपण आधीच 'प्यायलाय वाटतं' म्हणालो तर समोरच्यालाही तेच दिसतं.

३. सकाळी आठला हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणं) चालू असताना लक्षात आलं. पहिल्या दहा मिनिटांत नक्की काय करायचं?

ट्यूटरना क्रम पाठ असला तरी गडबडीत तो उलटा होतो, म्हणून हे सविस्तर सांगते.

आधी रुग्ण. विद्यार्थ्याच्या हातात सिरिंज, ट्रे, सलाईन, काहीही असेल तर ते घ्या. आवाज न चढवता, 'हे मी बघते, तू माझ्याबरोबर ये' एवढंच म्हणा. त्याने सकाळपासून काय काय केलंय ते लगेच विचारा आणि तपासा: कोणाला औषध दिलं, कोणाचं बीपी लिहिलं, कुठल्या सलाईनचा वेग बदलला. हे काम हमखास राहून जातं. सगळे विद्यार्थ्यामागे लागतात आणि बेड सातच्या आजींना दुप्पट गोळी गेली का, हे दुपारी कळतं. त्याने घेतलेले बीपी आणि शुगरचे आकडे पुन्हा घ्या.

मग विद्यार्थी. त्याला वॉर्डाच्या मधोमध नव्हे, सिस्टरांच्या खोलीत किंवा ट्रीटमेंट रूममध्ये बसवा. एकटं सोडू नका, 'तोंड धुऊन ये' म्हणून बाथरूमलाही एकटं पाठवू नका. मुलगी असेल तर सोबत बाई हवी. आता तो तुमचा पेशंट आहे असं समजून नाडी, बीपी, श्वास, ताप, ऑक्सिजन आणि बोटावरची साखर बघा. साखर आधी. ती ७० च्या खाली असेल, तो शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपतेय, श्वास मंद आहे, झटके येतायत, डोक्याला मार आहे किंवा गोळ्या खाल्ल्याचा संशय आहे, तर तोंडाने काही देऊ नका, सरळ कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) गाठा. प्रिन्सिपल मॅडमना फोन त्यानंतर.

विचारायचं ते साध्या शब्दांत: 'तुला काय होतंय? काही खाल्लंस का? झोप झाली का? काही औषध चालू आहे का? काही घेतलंयस का?' याच क्रमाने. शेवटचा प्रश्न पहिला विचारलात तर बाकीच्यांची उत्तरं मिळत नाहीत.

नोंद आणि शिस्त यानंतर (प्रश्न ८ आणि १४).

४. तोंडाला वास येत होता. वास म्हणजे पुरावाच झाला ना?

वास म्हणजे वास. नोंदीत 'गोडसर, स्पिरिटसारखा वास आला' असं लिहा, 'दारूचा वास' लिहू नका. वॉर्डात स्टरिलियम हे सॅनिटायझर दर पाच मिनिटांनी हातावर चोळलं जातं आणि त्यात अल्कोहोल भरपूर असतं. काही माउथवॉशमध्येही ते असतं. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या रुग्णाच्या श्वासाला ॲसिटोनचा फळासारखा वास येतो. उलट गोळ्या आणि इंजेक्शनला तोंडाचा वास लागतच नाही, म्हणून 'वास नाही म्हणजे ठीक आहे' हेही चूकच.

माझीच गोष्ट सांगते, हॉस्पिटलचं नाव नको. दुसऱ्या वर्षाची मुलगी, मेल मेडिसिन वॉर्ड, आषाढी एकादशीचा दिवस. इन्सुलिन काढायला सांगितलं तर तिने वायल हातात धरली आणि नुसती बघत उभी राहिली. घाम फुटलेला, बोलणं अडखळत. जवळ गेले तर स्पिरिटचा भपकारा. मी सगळ्या बॅचसमोर म्हटलं, 'कुठून आलीस तू? ही काय अवस्था?' वॉर्डातल्या मावशी मागून म्हणाल्या, 'मॅडम, पोरीनं सकाळपासून पाणी पण नाही घेतलं.' साखर निघाली ४८. मुलगी टाइप वन मधुमेही. सकाळचं इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेतलेलं आणि वर निर्जळी उपवास. भपकारा स्टरिलियमचा, नुकतंच चोळलेलं. आजार तिने कॉलेजात लपवला होता, कारण कॉलेजात कळलं की गावात कळेल आणि मग स्थळं येणार नाहीत, असं तिच्या आईने बजावलेलं. तेव्हापासून माझ्या ॲप्रनच्या खिशात ग्लुकोमीटर असतो. उरलेली गोष्ट प्रश्न १८ मध्ये.

५. 'रात्री लग्नात घेतली होती, सकाळी उतरली' असं विद्यार्थी म्हणतो. खरं मानायचं का?

हिशेब करून बघा. रक्तातली दारू साधारण ताशी १५ मिलिग्रॅम दर १०० मिलिलिटरमागे, या वेगाने उतरते. कुणाची थोडी हळू, कुणाची थोडी लवकर. कॉफी, लिंबूपाणी आणि थंड पाण्याची अंघोळ यांनी तो वेग बदलत नाही. रात्री दोनला १५० असेल तर सकाळी आठला अजून ६० च्या आसपास आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये गाडी चालवायची मर्यादा ३० आहे. ज्याला स्कूटर चालवायला कायदा मनाई करतो, त्याच्या हातात पोटॅशियम क्लोराइडची, चुकीच्या डोसाने जीव घेऊ शकणारी, अँप्यूल द्यायची का, हा प्रश्न मी वर्गात विचारते. तेव्हा वर्ग गप्प होतो.

आकडा शून्यावर आला तरी हँगओव्हर उरतोच: डोकं जड, मळमळ, लक्ष न लागणं. तोही ड्युटीला फिट नाही.

आणि एक उलटी बाजू. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. पुढच्या एक-दोन दिवसांत फिटही येऊ शकते. 'मी तर सोडलीये मॅडम' म्हणणारा थरथरता मुलगा खरं बोलत असतो आणि तरीही त्याला डॉक्टरची गरज असते, लगेच.

६. कॉलेजने ब्रेथ ॲनालायझर किंवा लघवीची चाचणी करावी का?

ट्यूटरने कधीच करू नये. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला दाखवलेलं, सही घेतलेलं लेखी धोरण कॉलेजकडे असेल, विद्यार्थ्याची त्या वेळची संमती असेल आणि चाचणी डॉक्टरच्या देखरेखीखाली होत असेल, तरच तिला अर्थ आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये वैद्यकीय तपासणीची आणि रक्त घेण्याची तरतूद आहे खरी, पण ती पोलीस आणि दारूबंदी अधिकाऱ्यांच्या कामासाठी. ते अधिकार कॉलेजला मिळत नाहीत.

चाचणी काय सांगते तेही समजून घ्या. फुंकायच्या यंत्राला तोंडात उरलेलं अल्कोहोल आणि हातावरच्या सॅनिटायझरची वाफ फसवते, म्हणून आधी १५ मिनिटं थांबावं लागतं. लघवीच्या झटपट पट्टीचं तर विचारूच नका. गांजा नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक आठवडे सापडतो. म्हणजे पट्टी पॉझिटिव्ह आली तरी तो आत्ता नशेत आहे, हे कळत नाही. कोडीनच्या खोकल्याच्या औषधाने अफूवर्गाची पट्टी पॉझिटिव्ह येते. आणि दिवाळीत एक गंमत: खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो, त्यामुळे खसखस लावलेले भरपूर अनारसे खाल्ले तरी पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. झटपट पट्टी पॉझिटिव्ह आली की प्रयोगशाळेत जीसी-एमएस या अचूक चाचणीने खात्री करून घ्यायची, त्याआधी तोंडातून शब्द काढायचा नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी चाचणीची गरज नसते. फिट नाही हे दिसतंय, बाजूला केलंय, डॉक्टर बघतायत. तेवढ्याने रुग्ण सुरक्षित झाला.

७. चाचणीला विद्यार्थ्याने नकार दिला तर तो कबुलीजबाब मानायचा का?

नाही. 'नकार दिला' एवढं वेळेसह लिहा. त्या दिवसापुरतं पोस्टिंगवरून काढणं तुमच्या निरीक्षणावर अवलंबून आहे, चाचणीवर नाही.

८. नोंद कशी लिहू? पुढे कोर्टात गेली तर?

कोर्टात जाईल असं समजूनच लिहा आणि आपल्या मुलीबद्दल कुणीतरी लिहितंय असं समजून वाचा.

वाईट नोंद: 'सदर विद्यार्थी नशेत होता, उद्धट वागला, पूर्वीपासूनच असा आहे.'

बरी नोंद: 'सकाळी ८.१० वाजता बेड ४ जवळ विद्यार्थ्याने दोन मिलिलिटरऐवजी पाच मिलिलिटर औषध भरलं. सांगितल्यावर "तेच तर" असं म्हणाला. बोलणं अडखळत होतं. उभं राहताना दोनदा ट्रॉलीचा आधार घेतला. औषध रुग्णाला दिलं गेलेलं नाही. ८.१५ ला बाजूला घेतलं. सिस्टर इन्चार्ज उपस्थित. साखर ९६, नाडी ११०, बीपी १३०/८४. रात्री तीन तास झोप झाल्याचं स्वतः सांगितलं. ८.४० ला कॅज्युअल्टीत नेलं.'

दुसऱ्या नोंदीत 'नशा' हा शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. ज्या दिवशी घडलं त्याच दिवशी लिहा, पाहणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीची सही घ्या, विद्यार्थ्याला स्वतःची बाजू लिहायला वेगळा कागद द्या. हे सगळं रुग्णाच्या केस पेपरवर लिहायचं नाही. तिथे फक्त रुग्णाचं काय झालं तेवढं. आणि विद्यार्थ्याच्या लॉगबुकात तर अजिबात नको, ती वही त्याला पुढे वर्षानुवर्षं दाखवावी लागते.

९. हे कोणाकोणाला सांगायचं?

सिस्टर इन्चार्जना, कारण रुग्ण त्यांच्या जबाबदारीत आहे. प्रिन्सिपल किंवा त्यांनी नेमलेल्या एका व्यक्तीला. तपासणाऱ्या डॉक्टरांना. बस.

बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आज अमुक अमुक घरी पाठवले आहे' इतकंही नको. स्टाफरूममधल्या चहावर नको. फोटो आणि व्हिडिओ काढले असतील तर काढणाऱ्याकडून ते पुढे जाणार नाहीत हे त्याच तासात बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितीही 'मानसिक आजारा'त धरलेली आहे आणि कलम २३ ने अशा माणसाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. वॉर्डातल्या रुग्णाच्या एचआयव्ही रिपोर्टबद्दल आपण तोंड मिटून बसतो, तसंच इथेही बसायचं.

१०. आईवडिलांना कळवायचं का?

जीएनएमला १७ व्या वर्षी प्रवेश मिळतो, त्यामुळे पहिल्या वर्षात अल्पवयीन विद्यार्थी असतातच. त्यांच्या पालकांना कळवा, त्याच दिवशी. अठरा पूर्ण झालेल्याला विचारून कळवा. जिवाला धोका असेल तर विचारत बसू नका.

पण काय कळवायचं? 'तुमची मुलगी ड्युटीवर आजारी पडली, डॉक्टरांनी तपासलंय, आता बरी आहे, कोणीतरी भेटायला या.' इतकंच. 'तुमचा मुलगा पिऊन आला' हे वाक्य फोनवर बोलायचं नाही. एका गावी वडिलांनी हे ऐकून त्याच संध्याकाळी मुलाचं शिक्षण सोडवलं आणि त्याला ऊसतोडीच्या टोळीबरोबर पाठवून दिलं. नंतर डॉक्टरांचा कागद आला, त्यात फिटच्या गोळ्यांचा डोस जास्त झाल्याचं लिहिलं होतं.

११. मग त्याला घरी कसं पाठवू?

स्वतःच्या गाडीवर नाही, एकट्याला रिक्षात बसवूनही नाही. किल्ली मागून घ्या. हॉस्टेलवर असेल तर वॉर्डनच्या ताब्यात द्या आणि खोलीत कोणी सोबत राहील हे बघा. कॅज्युअल्टीतून डॉक्टरांनी सोडल्याचा कागद असल्याशिवाय हॉस्टेलवरही नको.

१२. सलग नाइट करून सकाळी प्रॅक्टिकलला आलेली मुलं झोपेने डुलतात. तीही यातच धरायची?

हो. माझ्या अनुभवात नशेपेक्षा झोपेचीच प्रकरणं जास्त असतात. प्रयोगांत असं दिसलंय की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हाताचा वेग रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका ढासळतो. म्हणजे गाडीच्या मर्यादेच्या वरच. फरक इतकाच की पिऊन येणं विद्यार्थ्याच्या हातात असतं, ड्युटीचा तक्ता आपल्या हातात. नाइट संपवून आलेल्या मुलीला दहाच्या वर्गाला बसवणारा तक्ता आपणच लावतो आणि वर तिलाच मेमो देतो, हे बरोबर नाही. अशा वेळी मेमो तक्ता बनवणाऱ्याला द्यायला हवा. गमतीने म्हणत नाही.

१३. विद्यार्थिनी नैराश्याच्या किंवा फिटच्या (आकडीच्या) गोळ्या घेते. तिला पोस्टिंग द्यायचंच नाही का?

द्यायचं. गोळी चालू असणं म्हणजे ड्युटीला फिट नसणं नव्हे. उलट गोळी बंद केली तर ती फिट राहणार नाही. औषध नव्याने सुरू झालं असेल किंवा डोस बदलला असेल तर पहिले काही दिवस गुंगी येऊ शकते, तेवढ्यापुरतं औषधं भरण्याचं आणि देण्याचं काम नको, निरीक्षण चालेल. फिटचा आजार असेल तर नाइट ड्युटीबद्दल तिच्या डॉक्टरांचं मत घ्या, कारण जागरणाने फिट येते. तिने हे आपल्याला आपणहून सांगावं असं वाटत असेल, तर आधी एखाद्या सांगणाऱ्या मुलीला आपण काय वागणूक दिली हे आठवा. मुली त्यावरून ठरवतात.

१४. पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे का? विद्यार्थ्यावर केस होईल का?

नुसत्या संशयावरून कॉलेजने पोलिसांत धावावं असं काही नाही. पण तीन ठिकाणी गोष्ट आपल्या हातात राहत नाही.

पहिलं, गोळ्यांचा किंवा कशाचाही ओव्हरडोस, विषबाधेचा संशय. कॅज्युअल्टीचे डॉक्टर एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) करतील. 'आमच्याच कॉलेजची आहे, तेवढं नका करू' असं म्हणायला जाऊ नका. स्वतःला इजा करून घेतली असेल तर मानसिक आरोग्य सेवेच्या २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की तो माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या ३०९ सारखं, आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षेचं, कलमही नाही. पालकांना हे सांगा, ते याच भीतीने मुलीला ॲडमिट करायला मागेपुढे बघतात.

दुसरं, पदार्थ सापडणं. बॅगेत पुडी किंवा अँप्यूल दिसली तर तिला हात लावू नका, दोन साक्षीदारांसमोर प्रिन्सिपलना बोलवा. स्वतःहून बॅग उलटीपालटी करण्याचा अधिकार ट्यूटरला नाही. फेकून देणं हा तर सगळ्यात वाईट उपाय. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात, एनडीपीएसमध्ये, सेवनासाठीही कलम २७ खाली शिक्षा आहे. पण त्याच कायद्याच्या ६४-अ मध्ये सोय आहे: सेवनाचा किंवा अगदी थोड्या मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते. हे कलम विद्यार्थ्यांना आधीच शिकवलेलं असावं.

तिसरं, वॉर्डातली औषधं कमी भरणं. त्यासाठी पुढचा प्रश्न.

दारूबद्दल एक जास्तीचं: आपल्या राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. म्हणजे आपले बहुतेक विद्यार्थी वयानेच नियमाबाहेर आहेत. हे कॉलेजच्या शिस्तीत धरा, पण त्या दिवशीच्या तपासणीत आणू नका. भीती वाटली की विद्यार्थी डॉक्टरलाही खोटं सांगतो.

१५. वॉर्डात ट्रामाडॉल आणि फोर्टविन या वेदनाशामक इंजेक्शनांच्या अँप्यूल कमी भरतायत आणि त्या आठवड्यात आमचीच बॅच होती. आता?

सगळ्यात आधी: बॅच होती म्हणून बॅचनेच घेतलं असं नाही. कपाटाची किल्ली विद्यार्थ्यांकडे कधीच नसायला हवी. असली, तर चूक किल्ली देणाऱ्याची आहे. मोजणी सिस्टर इन्चार्ज आणि फार्मासिस्टने करायची, आपण नाही. रजिस्टरला दोन सह्या आहेत का, उरलेलं औषध दोघांसमोर टाकलंय का, रिकाम्या अँप्यूल परत आल्यात का, हे त्यांनी बघायचं. मॉर्फिन, फेंटानिलसारख्या औषधांचा साठा एनडीपीएसखाली येतो, तिथे कमी-जास्त झालं तर विषय थेट हॉस्पिटलच्या प्रमुखांकडे.

बघण्यासारख्या खुणा: वेदनेची इंजेक्शनं द्यायला एखादाच विद्यार्थी नेहमी पुढे येतो, इंजेक्शन देऊनही त्याच्या रुग्णांचं दुखणं कमी होत नाही, ड्युटी संपल्यावरही तो वॉर्डात रेंगाळतो, मे महिन्यात पूर्ण बाह्या घालतो. यातल्या प्रत्येकाला साधं कारण असू शकतं. मे महिन्यातल्या पूर्ण बाह्यांमागे मी एकदा भाजल्याचा व्रण पाहिलाय. पण रुग्ण कण्हतोय आणि चार्टवर इंजेक्शन दिल्याची सही आहे, हे एकत्र आलं तर त्याच तासात कळवा. तिथे रुग्णाचं औषध पळवलं जात असू शकतं.

१६. एमबीबीएस इंटर्नबाबत वेगळं काय?

पहिली दहा मिनिटं अगदी तीच (प्रश्न ३). फरक असा की इंटर्नकडे वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी असते आणि तो युनिटच्या जबाबदारीवर काम करतो, त्यामुळे कळवायचं ते युनिट प्रमुखांना आणि डीनना. सिस्टरनी इंटर्नला 'सर, तुम्ही बसा, मी दुसऱ्यांना बोलावते' म्हणायला कचरू नये. त्याने लिहिलेली ऑर्डर संशयास्पद वाटली तर ती पाळण्याआधी रजिस्ट्रारकडून (युनिटमधल्या वरिष्ठ डॉक्टरकडून) पक्की करून घेणं हे सिस्टरचं कामच आहे.

१७. मी विद्यार्थिनी आहे. रूममेट रोज गोळ्या घेते. सांगितलं तर तिचं वर्ष जाईल. काय करू? *(हाच प्रश्न 'मलाच सवय लागलीये' असाही येतो. उत्तर एकच.)*

वर्ष जाण्याची भीती बहुतेक वेळा खरी नसते. भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नियमांत परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकलचे तास शंभर टक्के भरावे लागतात. बुडलेले तास नंतर भरता येतात. तीन-चार आठवडे उपचारांत गेले तर ते पुढच्या सुट्टीत निघतात. गोळ्यांच्या अमलाखाली दिलेलं एक इंजेक्शन मात्र कुठल्याच सुट्टीत भरून निघत नाही.

आधी तिच्याशीच बोल, ती शुद्धीवर असताना, दिवसा. 'मी तुझ्याबरोबर येते' हे वाक्य जवळ ठेव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. व्यसनासाठी सरकारी नंबर १४४४६. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत केस पेपर काढून जाता येतं. आपलं हॉस्पिटल नको वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा, ते स्वाभाविक आहे. पुण्यात येरवड्याला डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे स्त्रियांसाठी वेगळी सोय आहे.

ती नाहीच म्हणाली आणि उद्या तिची आयसीयूला ड्युटी आहे, तर ट्यूटरना सांग. रात्रीच सांग, सकाळची वाट बघू नकोस. ही चुगली नाही. 'तिला बरं नाहीये, उद्या तिला औषधांचं काम देऊ नका' इतकं म्हटलंस तरी चालेल.

उपचार घेऊन परत येणाऱ्या मुलीसाठी ट्यूटरांनी करायचं ते असं: डॉक्टरांचं फिटनेस पत्र, त्यात आजाराचं नाव नको, 'क्लिनिकल ड्युटीस योग्य' एवढं पुरे. पहिले काही आठवडे दिवसपाळी, औषधं भरताना सोबत कोणीतरी, अमली औषधांच्या कपाटापासून लांब. आठवड्यातून एकदा एकाच ठरलेल्या मॅडमशी दहा मिनिटं बोलणं. पाच जणींनी पाच वेळा 'आता बरं आहे ना?' विचारण्यापेक्षा ते बरं. पुन्हा घसरली तर पुन्हा उपचार. घसरणं हा त्या आजाराचाच भाग आहे. पण तेवढा काळ वॉर्ड नाही.

१८. माझा संशय खोटा निघाला. आता त्या विद्यार्थ्याला तोंड कसं दाखवू?

प्रश्न ३ प्रमाणे बाजूला नेऊन, दुखणं विचारून केलं असेल, तर तोंड लपवण्यासारखं काही झालेलंच नसतं. 'तू मला बरी दिसली नाहीस म्हणून थांबवलं, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, ये कामाला' एवढं पुरतं.

माझ्यासारखं चारचौघांत बोलून बसला असाल तर माफीही चारचौघांतच मागावी लागते. मी एकादशीनंतरच्या दिवशी सकाळी हँडओव्हरला, त्याच बॅचसमोर, त्याच मावशी उभ्या असताना म्हटलं, 'काल मी हिला जे बोलले ते चुकीचं होतं, ती आजारी होती.' आजाराचं नाव घेतलं नाही. ते तिनेच पुढे सहा महिन्यांनी वर्गात मधुमेहाच्या सेमिनारला सांगितलं, स्वतःचं इन्सुलिन पेन दाखवून.

कागदाचं राहू देऊ नका. आदल्या दिवशीची नोंद फाडायची नाही. तिच्याखाली तारीख टाकून डॉक्टरांचा निष्कर्ष लिहायचा, म्हणजे अर्धीच नोंद पुढे कुणाच्या हाती लागणार नाही. आणि त्या दिवशी तिला वॉर्डातून बाहेर बसवलेले तास हजेरीत पूर्ण धरायचे.